मोनीरचं दूध

मशहद, २० शहरीवर १३८९

मोनीर आबजी, सलाम.

मिळाला. इतकी वर्षं अर्ज, तपासण्या, शेजाऱ्यांच्या साक्षी झाल्या आणि काल दुपारी शिशुगृहातल्या बाईंनी एक गाठोडं माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "मान धरा, मान." अडीच महिन्यांचा आहे. नाव रोहाम ठेवलंय. रडताना हुबेहूब बहरूजच्या आईसारखा सूर लावतो. हे माझ्या सासूच्या कानावर गेलं तर तुझी खैर नाही. सहा महिने तो आमच्याकडे परीक्षेवर आहे. त्यानंतर मी आणि बहरूज, दोघांच्या सह्या झाल्या की कायमचा आमचा.

आता तुझं काम. तुला सांगायला नको, मोठा झाला की धर्माप्रमाणे तो मला परका पुरुष. आपल्याच घरात त्याच्यासमोर डोकं झाकून वावरायचं, ताप आला तरी कपाळावर हात ठेवताना विचार करायचा, हे मला जमणार नाही. तुझी गोलनाज तीन महिन्यांची, आणि दूध उतू जातंय अशी तक्रार तूच केली होतीस. एक अख्खा दिवस आणि रात्र तो फक्त तुझ्या अंगावर प्यायला, दुसऱ्या कशाचा थेंब पोटात गेला नाही, की तो तुझा दुधाचा मुलगा. म्हणजे माझा भाचा. मग मी म्हातारी होईपर्यंत त्याच्यासमोर मोकळ्या केसांनी बसेन.

नस्रोल्लाला विचार. दूध तुझं, पण दुधाचा बाप तो होणार. फोन करणार होते, पण तुमचा फोन तुझ्या सासूबाईंच्या उशाशी असतो आणि दोन्ही बाजूंचं बोलणं त्या एकट्याच उरकतात. म्हणून मश्ती कुर्बानच्या मिनीबसमधून हे पत्र. आपण तशाही पत्रांतच जास्त बोलतो.

तुझी फरखोंदे


कलाते-तूत, २५ आबान

फरखोंदे-जान,

केशराची फुलं खुडून बोटं पिवळी झालीत, कागदावर डाग पडले तर समजून घे. तुझा लेक आत्ता माझ्या मांडीवर पाय आपटतोय.

त्या दिवशी तू त्याला माझ्याकडे दिलंस आणि स्वतः कोपऱ्यात बसून राहिलीस, रात्रभर झोपली नाहीस, ते मी पाहिलं. प्रत्येक वेळी त्याने छाती धरली की तुझे ओठ हलायचे. मलाही वाईट वाटत होतं गं, माझ्याकडे एवढं आहे आणि तुझ्याकडे नाही म्हणून. लहानपणी आम्ही तुला शेळीची लेक म्हणून चिडवायचो आणि तू रडायचीस, की मोनीरने आईला अडीच वर्षं पिऊन टाकलं आणि माझ्या वेळी आई आजारी पडली. घे, तुझ्या मुलाला फेडलं मी.

डब्याच्या दुधाने त्याला हगवण लागली म्हणून तू रडत रडत परत आणलंस ते बरंच केलंस. तेव्हा मांजराच्या पिल्लाएवढा होता, आता मांडी भरते. एका बाजूला गोलनाज, एका बाजूला हा. नस्रोल्ला म्हणतो, "आपल्याला फुकटात मुलगा मिळाला, तोही शहरी." सासूबाई म्हणतात, दोघांना पाजशील तर वाळून जाशील. मला तर दूध आणखीच फुटतंय.

हिवाळाभर राहू दे त्याला. तू नोकरी करणार, तुझी सासू हात लावणार नाही, मग त्याला सांभाळणार कोण? शिशुगृहाची बाई तपासायला आली तर सांग, मावशीकडे हवापालटाला गेलाय. शुक्रवारी येत जा.

मोनीर


मशहद, १२ आझर

आबजी,

परवा शुक्रवारी मी निघाले तेव्हा तो माझ्याकडे बघून हसला, मग तुझ्या पदराखाली तोंड घातलं. बसमध्ये तासभर माझा जीव जळत होता. लिहून टाकलं, आता बरं वाटतंय. त्याचे गाल बघून बहरूजसुद्धा म्हणाला की मोनीरखानमचे हात सोन्याने मढवायला हवेत.

तू विचारलंस मी प्रयोगशाळेत नेमकं करते काय. सोपं करून सांगते. आपल्या खुरासानात एक विषाणू मुरलेला आहे, एचटीएलव्ही म्हणतात. तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींत घर करतो. बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. थोड्यांचे मात्र पाय हळूहळू आखडतात, आणि त्यांत बायकाच जास्त. बायकाच का, हा आमचा प्रश्न. प्रत्येक पेशीत सगळ्या पाककृतींचं एकच पुस्तक असतं असं समज, पण एका वेळी थोडीच पानं उघडी असतात. बायकांच्या हार्मोनची पानंही त्यात आहेत. दूध आणणारा हार्मोन डोक्यात बनतो, पण त्याची पाककृती रक्तातल्या पेशीसुद्धा थोडीथोडी वाचतात. हा विषाणू शिरला की कोणतं पान उघडं राहतं आणि कोणतं मिटतं, ते आम्ही मोजतो.

त्यासाठी अंगावर पाजणाऱ्या निरोगी बायकांचं रक्त हवंय, आजारी बायकांच्या रक्ताशी ताडून बघायला. शहरातल्या बायका सुईचं नाव काढलं की पळतात. तुमच्या गावात निदान सहा-सात जणी पाजत्या असतील. पुढच्या आठवड्यात आमची नर्स पेटी घेऊन येईल. सगळ्यांना गोळा कर, आणि पहिला हात तू पुढे कर, म्हणजे बाकीच्या लाजणार नाहीत.

फरखोंदे


कलाते-तूत, ९ दे

फरखोंदे-जान,

झालं तुझं रक्तदान. मी पहिला हात पुढे केला. सकीनेला सुई टोचायच्या आधीच घेरी आली. तुझी नर्स मोठी गोड मुलगी, पण नळीवर चिकटवायच्या चिठ्ठ्या तोंडात धरून बोलते, मला एक शब्द कळला नाही. सासूबाईंनी तिला विचारलं, एवढं रक्त नेऊन विकता का? मग तिला दोन उकडलेली अंडी बांधून दिली.

रोहामला दात येतोय. मला चावतो आणि वर बघून हसतो, मी ओरडते की नाही ते बघायला. गोलनाज त्याचे कान धरून ओढते. दोघं एकाच दुपट्यात झोपतात. रोज सकाळी मी त्यांना म्हणते, भावंडांनो उठा, उन्हं आली.

बर्फावर घसरून पडले परवा. विशेष काही नाही.

मोनीर


मशहद, ३ बहमन

मोनीर आबजी, सलाम.

पत्र मिळताच रोहामला आणि गोलनाजला, दोघांनाही, अंगावर पाजणं बंद कर. डॉक्टरांचं मत आहे की या वयात डब्याचं दूधच योग्य. सोबत चांगल्या प्रतीचे डबे पाठवत आहे, पाणी उकळून घे. रस्ता मोकळा झाला की मी रोहामला न्यायला येईन. कारण विचारू नकोस. काळजीचं काही नाही.

नस्रोल्ला आणि सासूबाईंना सलाम.

फरखोंदे


कलाते-तूत, १४ बहमन

फरखोंदे,

डबे मिळाले. सासूबाईंनी फडताळात लावून ठेवलेत, पाहुण्यांना दाखवायला.

"काळजीचं काही नाही" आणि "कारण विचारू नकोस" अशी पत्रं तहसीलातून येतात. माझी बहीण असं कधीपासून लिहायला लागली? बरं, तुझ्या मुलाचं मी समजू शकते. काम झालं, तो तुझा भाचा झाला, अंगाने भरला, आता मावशीच्या पदराला लोंबतोय हे तुला बघवत नाही. शुक्रवारी तुझं तोंड मी बघते ना. पण गोलनाज? माझ्या पोटच्या मुलीला मी काय पाजायचं तेही मशहदहून ठरणार? सुईवाल्या मुलीने माझ्या दुधात माती पाहिली का?

मी आईला अडीच वर्षं प्यायले याचा राग तू अजून धरून आहेस. तेव्हा मी चार हात लांब उभी राहून तुला रडताना पाहत होते आणि मलाही लाज वाटायची. पण तो माझा गुन्हा नव्हता, प्यायले तेव्हा मी बाळ होते.

डब्याने याचं काय झालं होतं ते तू विसरलीस, मी नाही. तू घ्यायला ये, तो तुझा आहे, मी अडवणार नाही. पण जोवर माझ्या घरात आहे तोवर माझ्या अंगावरच पिणार.

मोनीर


मशहद, ८ इस्फंद

मोनीर,

हे पत्र गोठ्यात जाऊन वाच, आणि वाचून झालं की तंदूरमध्ये टाक.

निरोगी म्हणून गोळा केलेल्या नळ्या आम्ही आधी तपासून घेतो, तो नियमच आहे. तुझ्या नळीत एचटीएलव्ही निघाला. बाकीच्या गावकरणी स्वच्छ आहेत. तुला तो आईकडून आला, दुधातून. अडीच वर्षांच्या दुधातून. आईचे पाय आखडले, तिला लघवी धरवेना, आणि आपण सगळे म्हणत राहिलो की गालिच्याच्या मागापाशी ओलीत बसून बसून झालं. मी दिवसभर बायकांना विचारते, तुमच्या घरात कोणाचे पाय आखडले होते का, किती वर्षं दूध प्यायलात? शेकडो जणींना विचारलं. स्वतःला नाही विचारलं. ते नेहमी दुसऱ्यांच्या घरात असायचं. तुझ्याकडे माझं मूल द्यायच्या आधी एक थेंब रक्त तपासायला मला कोण अडवत होतं? तू माझी बहीण होतीस, म्हणून सुचलंच नाही. मी वाचले ते शेळीच्या दुधामुळे. आईच्या ज्या दुधासाठी मी आयुष्यभर रडले त्यानेच तुझा घात केला.

पहिल्यांदा मला वाटलं चिठ्ठी चुकली. तुम्ही हसत होतात ना त्या नर्सला, मीही तिच्यावर ओरडले. नळी तेहरानला पाठवली. उत्तर येईपर्यंत तुला ते गुळमुळीत पत्र लिहिलं. भीती वाटली की विषाणू हा शब्द तुझ्या सासूबाईंच्या हाती लागला तर त्या तुला एड्सवाली म्हणून बाहेर काढतील, कारण हा नवरा-बायकोतही जातो. मग तुझं रागाचं पत्र आलं. मी बर्फातून आलेही. सासूबाई समोर बसून होत्या, नस्रोल्ला चहा ओतत होता, आणि रोहाम तुझ्या छातीशी होता. मी समोर बसून चहा प्याले, मोनीर. दोन पेले. बोलले नाही, त्याला उचललंही नाही. उत्तर अजून आलेलं नाही, कदाचित तेहरान नाही म्हणेल, असं मनाशी म्हणत बसले. काल तेहरानचं उत्तर आलं. तेच आहे.

मला कळायच्या आधीच्या दिवसांचा दोष कोणाचाच नाही. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाचा माझा.

आणखी एक. आमच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टर तवक्कोलींनी आलेख पाहिला. दुधाच्या हार्मोनचं पान तुझ्या पेशींत इतकं उघडं आहे की आमच्या सगळ्या नळ्यांत तुझीच रेघ सगळ्यांत उंच. मोजक्याच नळ्यांवरून काही म्हणता येत नाही हे त्यांनाही कळतं, तरी हर्षाने म्हणाले, "खानम, हाच बिंदू आपण शोधत होतो." मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

आजच बंद कर. दोघांचंही. नीशापूरच्या दवाखान्यात लसीच्या निमित्ताने दोघांना घेऊन ये, मी तिथे असेन, त्यांचं रक्त घेईन.

फरखोंदे


कलाते-तूत, २० इस्फंद

फरखोंदे-जान,

पत्र जाळलं. छातीला कडू कोरफड लावली. गोलनाजने तोंड वाकडं केलं आणि डबा धरला. रोहामने कडू लागूनही सोडलं नाही, ओकला आणि पुन्हा आला. मी त्याला ढकललं. त्याला वाटलं खेळ चाललाय, हसला. मग पुन्हा ढकललं तेव्हा रडायला लागला. दवाखान्यात तो तुझ्या हातात देताना माझी ओढणी भिजली होती ती पाहून तू नजर फिरवलीस. दूध थांबायला तयार नाही. तू म्हणतेस ते पान उघडंच आहे म्हणून का? विषाणूला एवढं पाजायची हौस असेल तर त्याने स्वतःची पोरं पाजावीत.

आता माझं ऐक. पत्रात बर्फावर घसरले असं लिहिलं, पण बर्फ नव्हतं तिथे, मी अंगणात सपाट जागी पडले होते. दोन वर्षांपासून डावा पाय लाकूड होतो. गोलनाजच्या वेळी वाढलं, मी म्हटलं पोटाचं ओझं. विहिरीवर जायचं टाळते, कारण वाटेत लघवी धरवत नाही. मला आई आठवली नाही असं समजू नकोस. आठवली, आणि मी मान फिरवली. आपण दोघी एकाच आईच्या.

नस्रोल्लाला मीच सांगितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. रक्त देऊन आला, त्याचं स्वच्छ निघालं. तो अंथरूण उचलून बाहेरच्या खोलीत गेला. सासूबाईंना वाटतंय आमचं भांडण आहे, त्या माझीच बाजू घेतात.

मुलांचं कळलं की सरळ लिही. या वेळी माझ्या भल्याचा विचार करू नकोस.

मोनीर


मशहद, १८ फरवर्दीन १३९०

मोनीर,

सरळ लिहिते. गोलनाज स्वच्छ आहे. दीड वर्षाची झाली की पुन्हा एकदा बघावं लागेल, पण आत्ता तिच्या रक्तात काही नाही. रोहामच्या आहे. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा स्वतः केलं.

असं का, ते मला माहीत नाही. ती जास्त प्यायली, तिला काही नाही. तो कमी प्यायला, त्याला लागला. या विषाणूबद्दल मी अभ्यास केला त्यात याचं उत्तर नाही. डॉक्टर तवक्कोली म्हणतात, एकाच दुधावरची दोन मुलं, एक पोटचं आणि एक परकं, अशी जोडी जगात कोणाला मिळत नाही. दर सहा महिन्यांनी तिघांचं रक्त मिळेल का? मी म्हटलं, विचारून सांगते. म्हणजे आता विचारलं. नाही म्हण.

बहरूजला कालच सांगितलं. शिशुगृहाची सही नवरोजनंतर ढकलली होती, ती पुढच्या आठवड्यात आहे. मी त्याला समजावलं की शंभरातले नव्वदच्या वर लोक काही न होता म्हातारे होऊन मरतात. तो म्हणाला, "उरलेल्यांबद्दल जेवताना मला रोज कोण सांगतं? तूच ना?" त्याची आई आत आली आणि तिने रोहामचा पेला वेगळा ठेवला. पेल्याने काही होत नाही हे मी सांगितलं. तिने ऐकलं आणि तरी वेगळाच ठेवला.

फरखोंदे


कलाते-तूत, २४ फरवर्दीन

फरखोंदे-जान,

"गोलनाज स्वच्छ" एवढं वाचलं आणि एक श्वासभर मला आनंद झाला. पुढची ओळ दिसत होती, तरी झाला. हे तुला लिहिते, देवाला सांगायची माझी हिंमत नाही.

बहरूजच्या पाया पड. नाही ऐकला तर त्याला सांग, नावापुरती सही कर आणि मूल मोनीरकडे ठेवू. मी वाढवते. जे द्यायचं नव्हतं ते माझ्याकडून आधीच देऊन झालंय, आता तो माझ्याकडे राहिला तर आणखी काय बिघडणार? पाय गेले तरी हात आहेत. नस्रोल्लाला मी विचारलं नाही, पण परवा तो रोहामचं दुपटं दोरीवरून काढताना दिसला, घडी करून आत ठेवलं. माणूस वाईट नाही.

रक्त घेऊन जा म्हणावं तुझ्या डॉक्टरांना, हवं तेवढं. फक्त मुलाला परत पाठवू नका.

मोनीर


मशहद, ११ ओर्दीबेहेश्त

मोनीर आबजी,

दोघांची सही लागते. बहरूजने केली नाही. मी एकटीने करते म्हटलं, कायद्यात तसं बसत नाही. तुझ्याबद्दल विचारलं. दूध पाजल्याने त्यांच्या लेखी तू कोणी होत नाहीस. शिवाय आजार तुझ्याकडूनच आलाय हे मला तिथे सांगावंच लागलं.

परवा सकाळी दिला. त्याला निळा स्वेटर घातला होता, तू विणलेला. दारातल्या बाईंनी विचारलं, औषध काही चालू आहे का? मी म्हटलं, नाही, निरोगी आहे. हा शब्द माझ्या तोंडून आला आणि मला स्वतःचा राग आला, कारण तो खराच निरोगी आहे, आणि मीच त्याला परत देत होते. मी बहरूजशी आणखी भांडायला हवं होतं. घर सोडायला हवं होतं. नाही सोडलं. एकटी बाई म्हणून त्यांनी मला मूल दिलंच नसतं, असं मी सगळ्यांना सांगते. ते खरं आहे. पण मी घाबरले, हेही खरंच.

शिशुगृहातल्या बाई म्हणाल्या, दुसरं कुटुंब बघू, वेळ लागेल. नाव ते बदलतील.

प्रयोगशाळेत रजा टाकली आहे. पेटीत तुझ्या नळ्या तशाच आहेत. डॉक्टर तवक्कोलींनी त्या टाकून द्यायला नको म्हटलंय.

फरखोंदे


कलाते-तूत, ६ खोर्दाद

फरखोंदे,

तुला न सांगता मशहदला येऊन गेले. मश्ती कुर्बानने मला हात धरून उतरवलं. शिशुगृहापर्यंत काठीने गेले, तुझ्याकडे आले नाही. यायची इच्छा नव्हती. अजूनही नाही, पण लिहायला तुझ्याशिवाय मला कोणी नाही.

बाई चांगल्या होत्या. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, मी त्याची दुधाची आई. त्यांनी कागद मागितला. मी म्हटलं, याचा कागद होत नाही. त्याला बघू द्या म्हणून मी हट्ट केला नाही, आधीच ठरवून गेले होते, रडायचं नाही. मी एवढंच मागितलं की त्याच्या फायलीत लिहा: याला कलाते-तूतच्या मोनीरने पाजलंय, नस्रोल्लाची मुलगी गोलनाज याची बहीण लागते. त्या म्हणाल्या, असं लिहायला तिथे जागाच नाही. मी म्हटलं, नव्या घरच्यांना तोंडी सांगा. म्हणाल्या, वाटलं होतं त्याआधीच तो गेला, नव्या घरी. नाव-पत्ता सांगायची परवानगी नाही, आणि त्यांना आजाराचं सांगितलंय, बाकी काही सांगून घाबरवायचं नाही.

तू आजाराचा विचार करत बसलीस, मीही तेच करत होते. परतीच्या बसमध्ये मला दुसरंच सुचलं. तो मशहदमध्येच कुठेतरी वाढणार. नाहीतर नीशापूरला, सब्झवारला. माझी मुलगीही इथेच वाढणार, शिकायला शहरात जाणार. वीस वर्षांनी माझ्या दारात कोणी मागणी घालायला आलं, तिला तो आवडला, तर तो तिचा दुधाचा भाऊ नाही, हे लग्न हराम नाही, हे मला कोण सांगणार? त्याच्या आईला विचारीन, तुमच्या मुलाला कोणी पाजलं? ती म्हणेल मीच. त्यांच्या घरात हे खोटं आधीच सुरू झालं असेल.

तोवर मी आईसारखी अंथरुणावर असेन, माझं कोण ऐकणार. तेव्हा हे काम तुझं. गोलनाजला मागणी घालायला येणाऱ्या प्रत्येक मुलाचं रक्त तू घे. तुला ते येतं. ज्याच्या रक्तात माझा विषाणू निघेल त्याला आत बोलाव, चहा दे, आणि सांग की इथे लग्न होणार नाही. मग माझ्या खोलीत आण.

मोनीर